दुसऱ्याला बांधता यावे म्हणून

गिटारचा पेडल असो, छोटा सिंथेसायझर असो, रियाजाची तानपुरा पेटी असो की रानातले आवाज टिपणारा रेकॉर्डर, ध्वनियंत्र स्वतः बांधू पाहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो चिपचा. 'कोणती घेऊ?' उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक नंबर सांगितला जातो. तो नंबर कसा ठरला, हे मात्र कुणी सांगत नाही. ही पुस्तिका त्या न सांगितलेल्या भागासाठी लिहिली आहे.

स्वतःपुरते यंत्र बांधायचे असेल तर निवड सोपी असते. जे हाताशी आहे, ज्याची सवय आहे, ते घ्यावे. खुल्या प्रकल्पाचे तसे नसते. त्यात सर्किटची आकृती, पीसीबीची फाइल, फर्मवेअर आणि सुट्या भागांची यादी सगळ्यांच्या हाती दिली जाते, ती कुणीही यंत्र बांधावे, सुधारावे आणि विकावेही म्हणून. म्हणजे आपण चिप निवडतो ती आपण कधीच न भेटणाऱ्या माणसासाठी. म्हणून या पुस्तिकेचे म्हणणे मी सुरुवातीलाच मांडतो. खुल्या प्रकल्पासाठी चांगली चिप ती, जी अनोळखी माणसाला विकत मिळते, त्याच्या हातांनी जोडता येते, त्याला वाचून समजते, आणि उद्या मिळेनाशी झाली तर बदलता येते. या चार कसोट्यांना उतरलेल्या चिपांमधून मग आवाजाच्या दर्जावर निवड करावी. क्रम उलटा केला की प्रकल्प कागदावर खुला राहतो आणि प्रत्यक्षात एकट्याचा होतो.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. खुल्या हार्डवेअरच्या मूळ तत्त्वांतच सहज मिळणारे भाग आणि प्रचलित निर्मितीपद्धती वापराव्यात अशी अपेक्षा आहे. सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने २०११ मध्ये हार्डवेअरसाठी स्वतंत्र खुला परवाना तयार केला आणि २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणली. पण परवाना आकृतीला स्वातंत्र्य देतो; आकृतीतला काळा चौकोन, म्हणजे चिप, शेवटी कुठल्यातरी कारखान्यातूनच येते. तिच्या आतले आपल्याला दिसत नाही. खुलेपणाची ही हद्द मान्य करून निवड करायची असते.

ध्वनियंत्रातल्या चिपांची कामे ढोबळपणे तीन. पहिली ॲनालॉग चिप: ऑप-अँप, फिल्टर, ऑसिलेटर. दुसरी रूपांतर करणारी: ध्वनीच्या विद्युतलहरीचे आकडे करणारी एडीसी, आकड्यांची पुन्हा लहर करणारी डीएसी, आणि दोन्ही कामे एकत्र करणारा कोडेक. तिसरी हिशेब करणारी: मायक्रोकंट्रोलर, प्रोसेसर किंवा एफपीजीए. पुस्तिकेचे पहिले तीन भाग याच क्रमाने आहेत.

ॲनालॉग भागात सर्वाधिक पाने ऑप-अँपना दिली आहेत, कारण सर्वाधिक गैरसमजही तिथेच आहेत. टीएल०७२ आणि एनई५५३२ या दोन चिपा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहेत. दोन्ही अनेक कंपन्या बनवतात आणि दोन्हींच्या आठ पायांची मांडणी एकच आहे. एनई५५३२ चा गोंगाट कमी, म्हणून ती सरसकट 'वरच्या दर्जाची' समजली जाते. पण गिटारच्या पिकअपला थेट एनई५५३२ जोडली तर तिच्या इनपुटमध्ये जाणारा प्रवाह आड येतो. पिकअपचा रोध मोठा असतो आणि तिथे जेफेट इनपुटची टीएल०७२ योग्य ठरते. उलट मिक्सरच्या लाइन पातळीवर, जिथे रोध लहान आहेत, एनई५५३२ आजही उत्तम काम करते. चिप चांगली की वाईट हे तिच्यापुढे काय जोडले आहे त्यावर ठरते.

याच भागात सीईएम३३४० ची कथा आहे, आणि ती प्रत्येक आरेखकाने वाचावी असे मला वाटते. कॅलिफोर्नियातल्या डग कर्टिस यांनी ऑसिलेटरचे जवळजवळ सगळे सर्किट एका चिपमध्ये बसवले. स्वर तापमानाबरोबर घसरू नये याची सोयही तिच्यात होती. प्रॉफेट-५ या प्रसिद्ध सिंथेसायझरच्या पहिल्या आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चिपा होत्या. तिसऱ्या आवृत्तीत कर्टिस यांच्या चिपा आल्या. पुढे डिजिटल वाद्यांची लाट आली आणि सीईएम३३४० चे उत्पादन थांबले. जुनी वाद्ये दुरुस्त करणारे एकेका चिपसाठी वणवण करू लागले. मग लॅटव्हियातल्या रिगा इथल्या अल्फा कंपनीने एएस३३४० काढली, कूलऑडिओने व्ही३३४० काढली, आणि २०१६ मध्ये मूळ सीईएम३३४० सुद्धा पुन्हा बाजारात आली. आज त्याच पायांच्या, एकमेकींच्या जागी बसणाऱ्या तीन चिपा मिळतात. तीन वेगळ्या घरांतून येणारी चिप आणि एकाच घरातून येणारी चिप यांत निवड करायची असेल, तर खुल्या प्रकल्पाने पहिलीकडेच जावे.

एकाच घरावर विसंबल्याचे मोल जगाने २०२० मध्ये मोजले. त्या वर्षी २० ऑक्टोबरला जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेस कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ती विझायला काही दिवस गेले. या कंपनीच्या एडीसी, डीएसी आणि कोडेक जगभरच्या ध्वनियंत्रांत होत्या. कारखाना बंद पडताच हाय-फाय उपकरणे, ऑडिओ इंटरफेस, वाद्ये अशा सगळ्यांची उत्पादने अडली. पाठोपाठ २०२१ आणि २०२२ मध्ये मायक्रोकंट्रोलरचाही जागतिक तुटवडा आला. खुल्या प्रकल्पांची परीक्षा याच काळात झाली.

डेझी सीड हे बोर्ड त्या परीक्षेत कसे टिकले ते पाहण्यासारखे आहे. त्यावर आरंभी असाही कासेईचा एके४५५६ हा कोडेक होता. पुढच्या आवृत्तीत त्याच्या जागी डब्ल्यूएम८७३१ आला आणि नंतर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा पीसीएम३०६०. बोर्डाचा आकार आणि बाहेरचे पाय तेच राहिले. बोर्डाची खुली लायब्ररी सुरुवातीलाच कोणती आवृत्ती आहे हे ओळखते आणि त्या कोडेकला लागणारी मांडणी करते. त्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा बदल जाणवतही नाही. कोडेकशी बोलणारा कोड एका वेगळ्या, छोट्या थरात ठेवला होता, म्हणून हे जमले. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी, तुटवडा आल्यावर ती आणता येत नाही.

रूपांतराच्या भागात डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या आकड्यांबद्दल सविस्तर लिहिले आहे. चोवीस बिट म्हटले की गणिताने १४४ डेसिबलचा पल्ला निघतो, पण प्रत्यक्षात कुठलीच परवडणारी चिप तिथवर पोचत नाही. पीसीएम५१०२ए या लोकप्रिय डीएसीचा पल्ला ११२ डेसिबल आहे, आणि घरच्या यंत्राला तो भरपूर झाला. याहून मोलाच्या गोष्टी डेटाशीटमध्ये पुढच्या पानांवर असतात. या डीएसीला वेगळे मास्टर क्लॉक द्यावे लागत नाही. ती आपल्या पीएलएलने ते आतच तयार करते. तिला आज्ञा देणारी वेगळी तार लागत नाही. काही पाय वर किंवा खाली जोडले की ती चालू होते. तिचा आउटपुट शून्याभोवती फिरतो, त्यामुळे पुढे कपॅसिटर लावावा लागत नाही. तिचे पाय बाहेर आलेले आहेत, भिंगाखाली बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने ते जोडता येतात. कमी गोंगाटाची, पण पायांऐवजी पोटाखाली गोळ्या असलेली चिप घरच्या टेबलावर जोडता येत नाही. नवशिक्यासाठी पहिली डीएसी म्हणून मी पीसीएम५१०२ए सुचवतो, ती याच कारणांनी.

हिशेब करणाऱ्या चिपांच्या भागाला एका साध्या भागाकाराने सुरुवात केली आहे. चिपच्या वेगाला सेकंदातल्या नमुन्यांच्या संख्येने भागा. एका नमुन्यामागे किती पावले मिळतात ते कळते. १६ मेगाहर्ट्झच्या साध्या आर्डुइनोवर मॉझी लायब्ररी सेकंदाला १६,३८४ नमुने काढते, तेव्हा प्रत्येकासाठी जेमतेम ९७६ पावले मिळतात. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या ब्रेड्स या मॉड्यूलमध्ये ७२ मेगाहर्ट्झची चिप ९६ किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे ७५० पावले. तेवढ्यातच त्या मॉड्यूलने डझनावारी नाद काढून दाखवले. डेझीची ४८० मेगाहर्ट्झची चिप ४८ किलोहर्ट्झवर दहा हजार पावले देते. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात: वेग किती हवा याचा अंदाज बांधता येतो, आणि नीट लिहिलेला कोड कमी वेगातही काय करू शकतो हे दिसते.

वेगाखेरीज पाहायच्या गोष्टी चिपगणिक बदलतात. ईएसपी३२ चे उदाहरण घ्या. ब्लूटूथवरून गाणी ऐकवणारे यंत्र बांधायचे असेल तर मूळ ईएसपी३२ च लागते, कारण गाण्यांसाठी लागणारे पारंपरिक ब्लूटूथ तिच्यात आहे. नंतर आलेल्या एस३ मध्ये फक्त कमी ऊर्जेचे ब्लूटूथ आहे. मूळ चिपमध्ये ध्वनीसाठी वेगळे पीएलएल आणि दोन छोट्या डीएसीही होत्या, एस३ मध्ये त्या नाहीत. नवी चिप म्हणजे जुनीपेक्षा सर्व बाबतींत सरस, हा समज इथे चुकतो. आरपी२०४० मध्ये दशांश गणिताचे यंत्र नाही, पण पीआयओ नावाची छोटी यंत्रे आहेत. त्यांच्याकडून डीएसीला हव्या त्या लयीत आकडे पाठवता येतात. ही चिप सुटी विकली जाते, सुरुवातीला तिची किंमत एक डॉलर होती, आणि किमान २०४१ पर्यंत ती बनवत राहू असे रास्पबेरी पायने जाहीर केले आहे. आरेखकासाठी असे आश्वासन वेगाच्या आकड्यापेक्षा मोठे आहे.

टीन्सी बोर्डांचा विचारही याच भागात येतो. टीन्सी घडवणाऱ्या पॉल स्टॉफ्रेगन यांची ऑडिओ लायब्ररी ही शिकणाऱ्यांसाठी फार मोठी देणगी आहे. ती १२८ नमुन्यांच्या तुकड्यांत काम करते, म्हणजे एका तुकड्यामागे सुमारे २.९ मिलिसेकंद. टीन्सी ४.० ची चिप ६०० मेगाहर्ट्झवर धावते. पण टीन्सीचा बूटलोडर एका वेगळ्या, बंद चिपमध्ये असतो आणि ती चिप त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. हे त्यांनी लपवलेले नाही. अशा बोर्डावर प्रकल्प उभारावा की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. फक्त तो डोळे उघडे ठेवून घ्यावा.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून आलेल्या बेला या ध्वनिबोर्डाच्या चमूने प्रोसेसर निवडताना दाखवलेली दृष्टीही अशीच शिकण्याजोगी आहे. त्या चमूने बीगलबोन ब्लॅक हे बोर्ड घेतले. त्याच्या मुख्य चिपमध्ये दोन छोटी वेगळी केंद्रके आहेत, आणि ध्वनीची ने-आण ती लिनक्सच्या गर्दीपासून बाजूला राहून करतात. त्यामुळे स्पर्शापासून आवाजापर्यंतचा विलंब एका मिलिसेकंदाच्या आत आणता आला. शिवाय बीगलबोनचे आरेखन खुले आहे आणि त्याची चिप सुटी विकत मिळते. वादकाच्या हाताला जे जाणवते तिथून या चमूने चिपकडे पाहिले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ऑडिओमॉथ. रानात महिनोन्महिने टांगून ठेवायचा, वटवाघळांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाजही टिपणारा हा खुला रेकॉर्डर इंग्लंडमधल्या संशोधकांनी केला. त्यात वेगवान चिप नाही. ४८ मेगाहर्ट्झची, पण झोपेत जवळजवळ काहीच वीज न खाणारी चिप आहे. तीन पेन्सिल सेलवर ते यंत्र चालते आणि गरज पडली तर सेकंदाला ३,८४,००० नमुने घेते. रानात बसवायच्या यंत्राला बॅटरी हीच पहिली अट, आणि चिप त्या अटीतून निवडली गेली.

पुस्तिकेतले सर्वात मोठे प्रकरण मात्र आपल्याकडच्या एका यंत्राला दिले आहे: खुली तानपुरा पेटी. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी घडवला आणि पाहता पाहता तो घरोघरच्या रियाजाचा सोबती झाला. मिरजेचा अस्सल तानपुरा प्रत्येकाला परवडत नाही, प्रवासात नेता येत नाही. पेटी नेता येते. पण ती बिघडली तर तिची आकृती गावातल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे नसते. म्हणून हे यंत्र खुले असावे, असे मला मनापासून वाटते.

या पेटीसाठी चिप निवडताना प्रत्येक कसोटी कामाला येते. एका तारेचा दहा सेकंदांचा नाद १६ बिटांत, ४४.१ किलोहर्ट्झवर साठवला तर ८,८२,००० बाइट होतात. चार तारांचे मिळून पस्तीस लाखांच्या आसपास. आरपी२०४० ला बाहेरून १६ मेगाबाइटपर्यंत फ्लॅश जोडता येते, तेव्हा जागेचा प्रश्न सुटतो. १३३ मेगाहर्ट्झवर एका नमुन्यामागे सुमारे तीन हजार पावले मिळतात; पूर्णांकी गणित वापरले तर एकमेकांत मिसळणारे आठ नादही त्यात सहज बसतात. ४८० मेगाहर्ट्झची गरजच पडत नाही. आउटपुट मात्र थेट चिपच्या पायावरून पीडब्ल्यूएमने काढू नये, कारण त्यात अकरा-साडेअकरा बिटांपुढे जाता येत नाही आणि जवारीचे सूक्ष्म स्वर गोंगाटात बुडतात. तिथे पीसीएम५१०२ए हवी. आणि सर्वात महत्त्वाचे: लय धरणारा क्रिस्टल हवाच. स्वस्त मायक्रोकंट्रोलरमधल्या आतल्या ऑसिलेटरची चूक कारखान्यातून निघताना दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. दहा टक्के म्हणजे १६५ सेंट. काळी एकला लावलेला षड्ज पांढरी दोनच्याही पुढे निघून जाईल. साध्या क्रिस्टलची चूक एका सेंटच्या दहाव्या भागाइतकी असते. गाणाऱ्याच्या कानाला जे पटणार नाही ते पेटीत चालणार नाही, मग चिप कितीही स्वस्त असो.

खरेदीबद्दलचे प्रकरण आपल्या बाजारांसाठी आहे. मुंबईतला लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली इथे आजही दुकानदाराशी बोलून, चिप हातात घेऊन पाहून विकत घेता येते, आणि या सोयीचे मोल मोठे आहे. परदेशातून एक कोडेक मागवताना टपाल आणि जकात मिळून त्याच्या किमतीच्या कित्येक पट होतात. म्हणून भागांच्या यादीत शक्य तिथे स्थानिक पर्याय लिहावा. बनावट चिपांपासूनही सावध राहावे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एनई५५३२ ला काही न जोडता नुसती वीज द्या आणि मल्टिमीटरने प्रवाह मोजा. तो साधारण ८ मिलिॲम्पिअर यायला हवा. त्याच्या निम्माच आला, तर वर छापलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. आत बहुधा दुसरीच, स्वस्त चिप आहे.

शेवटच्या प्रकरणात आवाज चिपपेक्षा जास्त जगतो कसा, हे सांगितले आहे. पॅरिसच्या एमिली जिले यांनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या मॉड्यूलचा कोड खुल्या परवान्याखाली ठेवला. तो नीटनेटका होता, आणि आवाज घडवणारा भाग चिपशी बोलणाऱ्या भागापासून वेगळा होता. २०२२ मध्ये त्यांनी कंपनी बंद केली. तरीही ती मॉड्यूल आज वेगवेगळ्या आकारांत बांधली जातात, आणि त्यांचा कोड संगणकावरच्या आभासी मॉड्यूलमध्ये आणि दुसऱ्या चिपांवर चालतो. चिप कधी ना कधी मिळेनाशी होणार, हे धरूनच कोड लिहावा.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. जे बांधायचे आहे त्याचे प्रकरण आधी वाचा, त्यातल्या निवडींवर शंका घ्या, आणि डेटाशीट स्वतः उघडा. इंग्रजीची भीती वाटली तरी उघडा, कारण त्यातले तक्ते आणि आकृत्या भाषेपलीकडे बरेच सांगतात. आणि यंत्र बांधून झाले की एक काम आवर्जून करा. ही चिप का घेतली, दुसरी कोणती पाहिली होती, ती का सोडली, आणि ही मिळाली नाही तर काय लावावे, हे चार ओळींत, मराठीत, आकृतीशेजारी लिहून ठेवा. आकृती नक्कल करायला पुरते. पुढच्याला तुमच्याही पुढे जायचे असेल तर त्याला या चार ओळीच लागतील.